एक्केचाळीस तराजू आणि एक किलो साखर

भिंतीवर एक फळी ठोकायची, एवढंच ठरलं होतं. काटेभाऊ स्वतः ही हकिगत सांगतात तेव्हा इथे हमखास थांबतात आणि दोन्ही हात पसरून फळीची लांबी दाखवतात. एवढ्याशा फळीपायी माणसाची किती शोभा होऊ शकते हे मोजणारा काटा आपल्या संग्रहात अजून आलेला नाही, असंही वर म्हणतात.

संग्रह तराजूंचा होता. मधल्या रस्त्यावर, शिंप्याच्या शेजारी, भाऊ आणि वहिनींचं जनरल स्टोअर आहे. साखर, साबण, सुतळी, सुया, खिळे, वह्या, जे मागाल ते मिळतं, फक्त सापडायला वेळ लागतो. वेळ लागायचं कारण तराजू. कोणी छंद म्हणून तिकिटं जमवतं, कोणी नाणी. भाऊंनी तराजू जमवले. सोनाराचा डबीत मावणारा काटा, रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा, पत्रं तोलायचा पितळी काटा, तान्ह्या बाळांना तोलायची टोपली लावलेला काटा, आणि माणसांचं वजन करून कार्ड देणारं एक उंच यंत्र. त्या यंत्रात काहीतरी अडकलेलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना एकच कार्ड द्यायचं: ‘आपण प्रेमळ आहात, पण लोक आपला गैरफायदा घेतात.’ ते वाचून आजवर एकानेही तक्रार केली नव्हती. असे एकूण एक्केचाळीस. हौस भाऊंची आणि धूळ वहिनींची, अशी वाटणी वीस वर्षं चालत आली होती.

त्या दिवशी झाडू काढायला म्हणून वहिनी तांदळाच्या पोत्यामागे वाकल्या आणि रद्दीवाल्याचा आकडा त्यांच्या केसांत अडकला. गिऱ्हाइकासमोर. तो सोडवायला भाऊंना दहा मिनिटं लागली, कारण सोडवताना ते गिऱ्हाइकाला त्या आकड्याची बनावट समजावून सांगत होते.

गिऱ्हाईक गेल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “एक तर हे भिंतीवर जातील, नाहीतर मी माहेरी जाईन.”

भाऊंनी सुताराला बोलावलं.

सुताराने भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगावं तशा आवाजात म्हणाला, “भाऊ, पोकळ आहे.”

“काय?”

“भिंत. साबणाच्या वड्या पेलेल. लोखंड नाही पेलायची.”

एवढ्यात शिंपी आला. शिंप्याचं दुकान लागूनच असल्यामुळे भाऊंच्या दुकानातलं प्रत्येक काम हे अर्धं आपलंच आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. गळ्यातली टेप काढून त्याने भिंत मोजली, छातीचं माप घेतल्यासारखी, आणि सांगितलं की खाली चार लोखंडी कोन बसवले तर हत्तीसुद्धा राहील. मग समोरचे हेडसर आले. ते शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून निवृत्त झाला नव्हता. त्यांनी सांगितलं की फळी कुठे ठोकायची हा प्रश्न दुय्यम आहे, आधी मांडणीचं सूत्र ठरवा. कालक्रमाने, आकाराने की उपयोगाने?

सुतार म्हणाला, “मी उद्या येतो.”

भाऊंनी शिंप्याचं ऐकलं. आपल्या आयुष्यात आपण नेहमी जो शेवटचा मोठ्याने बोलतो त्याचं ऐकत आलो, हे भाऊ मोकळेपणाने कबूल करतात. फक्त त्यातून वहिनींना वगळतात, कारण त्या मोठ्याने बोलत नाहीत. फळी ठोकली गेली. एक्केचाळीसांपैकी एकोणतीस तराजू तिच्यावर चढले. भाऊ दोन पावलं मागे सरून, कंबरेवर हात ठेवून बघत उभे राहिले, आणि भिंतीने आपलं म्हणणं मांडलं. फळी, कोन, थोडं प्लास्टर आणि एकोणतीस तराजू तांदळाच्या पोत्यांवर आले. मोडलं काही नाही. फक्त एक पितळी पारडं घरंगळत दुकानाबाहेर गेलं, उतारावरून रस्ता ओलांडून थेट हेडसरांच्या दारात जाऊन पडलं. हेडसर ते दोन्ही हातांत घेऊन परत आले आणि म्हणाले, “मी सूत्राबद्दल बोललो होतो.”

मग लोखंडी मांडणी आली. तीन कप्प्यांची, जमिनीवर उभी राहणारी. तिच्यासाठी वहिनींचं बटणांचं कपाट सरकवावं लागलं, कपाटासाठी साबणाची खोकी, खोक्यांसाठी तेलाचे डबे, आणि शेवटी असं झालं की गल्ल्यापर्यंत पोचायला भाऊंना पोट आत ओढून, आडवं होऊन, बटणांच्या कपाटाला पाठ घासत जावं लागायचं. पण समोरून बघितलं तर दुकान झळाळत होतं. हेडसरांनी प्रत्येक तराजूखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून लावली. सोनाराच्या काट्याची चिठ्ठी काट्यापेक्षा मोठी झाली.

इथवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण माणसाला एकदा मांडणी केली की बघायला माणसं लागतात. शिंप्याचा मेव्हणा पेपरात होता. तो वही घेऊन आला.

“पेपरात कशाला?” वहिनी म्हणाल्या.

“अगं, नाव होईल.”

“दुकान चालतंय ते काय कमी आहे? पेपरात नाव आलं की कोण कोण वाचतं.”

भाऊंना वाटलं, बायकोला आपल्या कर्तृत्वाची भीती वाटते आहे. ते मनातल्या मनात सुखावले. वार्ताहराने विचारलं, “यातला सगळ्यात खरा तराजू कोणता?” आता साधं उत्तर द्यायचं की नाही? पण भाऊंनी छातीवर हात ठेवून, आवाज खाली आणून सांगितलं, “खरं सांगू? या एक्केचाळीसांतले दोन काटे आजवर कधी एकमेकांशी जुळले नाहीत. माणसांचंही तसंच असतं.”

दुसऱ्या वाक्याला पेपरात जागा मिळाली नाही. बातमीचा मथळा होता: ‘काटेभाऊंच्या दुकानात एकही काटा जुळत नाही.’ खाली भाऊंचा हसतमुख फोटो.

सकाळी आठला पहिली आली ती दवाखान्यातली नर्सबाई. अर्धा किलो मीठ घेतलं आणि म्हणाली, “भाऊ, आता जरा त्या टोपलीच्या काट्यावर बघू या.” टोपलीच्या काट्यावर मीठ पाचशे ऐंशी ग्रॅम भरलं. पत्रांच्या काट्यावर ते मावलंच नाही. आकड्याच्या काट्यावर चारशे दहा. नर्सबाईने तिन्ही आकडे हातावर लिहून घेतले, जाताना रस्त्यात भेटलेल्या दोघांना दाखवले. दहा वाजेपर्यंत दुकानात गर्दी. कोणाला साखर आकड्यावर तोलून हवी, कोणाला खिळे टोपलीत. एका गृहस्थांनी काही न घेता फक्त स्वतःचं वजन केलं, कार्ड वाचलं आणि भाऊंकडे रोखून बघत निघून गेले.

भाऊंना सगळ्यात लागलं ते हे की वीस वर्षांत त्यांच्या मापाबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. उलट गावात बाजारपेठेत चार मोठी दुकानं असताना लोक वळसा घालून त्यांच्याकडे यायचे. ते आपल्या गोड बोलण्यामुळे, याबद्दल भाऊंच्या मनात शंका नव्हती. साखर पुड्यात पडेपर्यंत ते गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट संपली नसेल तर पुडा हातात धरून ठेवायचे. आणि आज तीच माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत आकडे ताडून बघत होती.

“जाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “दोन दिवसांत विसरतील.” पण त्या स्वतः दिवसभर गल्ल्याजवळून हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी वजनमाप निरीक्षक आले. बारीक अंगाचा, सभ्य, थकलेला माणूस. हातात पेपरचं कात्रण. त्यांनी मांडणीपुढे उभं राहून एकेक तराजू मोजला, दोनदा, आणि दोन्ही वेळा एक्केचाळीस भरल्यावर दुःखी झाले.

“दुकानाच्या जागेत जो तराजू असतो, तो विक्रीसाठी वापरला जातो असं कायदा धरतो,” ते म्हणाले. “यांच्यावर शिक्के कुठे आहेत?”

“साहेब, हा संग्रह आहे. छंद.”

“छंदाला रकाना नाही.”

त्यांनी तीन मार्ग सांगितले. सगळे तराजू दुरुस्त करून, तपासून, शिक्के मारून घ्या. नाहीतर दुकानाच्या जागेतून हलवा. नाहीतर हे संग्रहालय आहे असं त्या खात्याचं पत्र आणा. मुदत सात दिवस. “सातव्या दिवशी प्रमाण वजनांची पेटी घेऊन येईन, दुकानाचं रोजचं मापही बघून घेईन,” असं म्हणून त्यांनी नोटीस दिली आणि एक साबणाची वडी विकत घेऊन गेले.

दुरुस्त करून घेणं अशक्य होतं. त्यातले निम्मे बिघडलेले होते म्हणूनच भाऊंना मिळाले होते. हलवावे तर घर दुकानाच्या मागेच, परवान्यावर दोन्हींचा क्रमांक एकच. शिंपी म्हणाला, “माझ्याकडे ठेवा,” आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की मग नोटीस त्याला येईल, म्हणून म्हणाला, “किंवा हेडसरांकडे.” हेडसर म्हणाले, “तत्त्वाने लढा.” तत्त्वाने लढायला हेडसरांना दुसऱ्याचं दुकान नेहमीच आवडायचं.

भाऊ तत्त्वाने संग्रहालय खात्यात गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज दिला. वस्तू शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत का? काही असतील, भाऊ म्हणाले. असतील तर त्या खाजगी व्यक्तीकडे का आहेत, याचा खुलासा जोडा. नसतील तर संग्रहालय कशाचं? आत जायला आणि बाहेर यायला दोन वेगळी दारं आहेत का? भाऊंना बटणांचं कपाट आठवलं. गल्ल्यापर्यंतच ते आडवे होऊन जात होते. प्रेक्षकांसाठी बसायची सोय? तांदळाची पोती आहेत, भाऊ म्हणाले. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मान वर करून बघितलं.

“तुम्हीच ना ते? एकही काटा जुळत नाही?”

भाऊ अर्ज घडी करून परत आले.

दुकानात पोचतात तो निरीक्षक आत उभे. पुढे लाकडी पेटी उघडलेली, आत मखमलीत पितळेची चकचकीत वजनं. वहिनी त्यांना म्हणत होत्या, “चहा तरी घ्या. बसा. ते आले की तपासा. घाई काय आहे?”

“चहा दोन झाले, बाई.”

“तुम्ही सात दिवस म्हणाला होतात. आज तिसरा आहे.”

“सातव्या दिवशी मला दुसऱ्या गावाला जायचं आहे.”

भाऊंना बघून वहिनींचा चेहरा पडला. भाऊंना वाटलं, बिचारी घाबरली. त्यांनी छाती पुढे काढली. संग्रहाचं काय व्हायचं ते होवो, पण दुकानाचं रोजचं माप म्हणजे त्यांचा जीव होता. “साहेब,” ते म्हणाले, “आधी रोजचा तराजू बघा. वीस वर्षांत एका ग्रॅमची तक्रार नाही. बघाच.” बाहेर शिंपी, नर्सबाई आणि हेडसर येऊन उभे राहिले होते, हेही त्यांनी बघून घेतलं होतं.

“अहो,” वहिनी म्हणाल्या.

“थांब गं.”

निरीक्षकांनी रोजचा तराजू रिकामा बघितला. काटा बरोबर मध्ये. भाऊंनी बाहेरच्यांकडे एक नजर टाकली. मग निरीक्षकांनी एका पारड्यात आपलं पितळेचं एक किलो ठेवलं आणि दुसऱ्यात दुकानाचं लोखंडी एक किलो. लोखंडाचं पारडं टक्कन खाली गेलं.

निरीक्षकांनी पारडी बदलून बघितलं. पुन्हा लोखंड खाली. त्यांनी छोटी वजनं एकेक करत टाकली. तीस ग्रॅम.

“तुमचा किलो तीस ग्रॅमने जड आहे.”

भाऊंना आधी नीट कळलंच नाही. जड म्हणजे वाईट की चांगलं, हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला, आणि कळल्यावर ते अजून वाईट वाटलं. निरीक्षकांनी वजन उलटं केलं. तळाच्या खोबणीत काळी लाख भरलेली होती. पेनाच्या टोकाने त्यांनी ती खरवडली, तशा आतून शिशाच्या लहान लहान गोळ्या टेबलावर पडल्या.

“या गोळ्या...” निरीक्षक एक गोळी उचलून म्हणाले.

“पडद्याच्या कडेला घालतात,” दारातून शिंपी म्हणाला आणि मग त्याला वाटलं असावं की आपण बोलायला नको होतं.

वहिनी स्टुलावर बसल्या. “मी बसवल्या,” त्या म्हणाल्या. “दर वेळी शिक्का मारायला वजनं न्यायच्या आधी काढायची, आणली की परत बसवायची. या वेळी सहाव्या दिवशी काढणार होते. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात.” हे शेवटचं त्या निरीक्षकांना जराशा रागाने म्हणाल्या.

“पण का?” भाऊंनी विचारलं. निरीक्षकांनाही तेच विचारायचं होतं, पण त्यांनी नवऱ्याचा मान राखला.

“दुकान उघडलं तेव्हाचं आठवतं? पहिले चार महिने. दिवसाला तीन गिऱ्हाइकं. एकदा आलेलं परत येत नव्हतं. तुम्ही रोज संध्याकाळी म्हणायचात, बंद करू या. मला वाटलं, माप जरा सढळ असावं. आणि तुमच्याच्याने सढळ हात सुटत नाही, तुम्ही काट्याकडे बघत दाणा दाणा काढून घेता. म्हणून वजनालाच सांगितलं.”

भाऊंनी बाहेर बघितलं. “तुम्हाला माहीत होतं?”

हेडसर रस्त्याकडे बघायला लागले. नर्सबाई म्हणाली, “भाऊ, बाजारातल्या किलोत माझे बारा दिवस जायचे, तुमच्या किलोत साडेबारा. आधी वाटलं, हिशेब चुकतोय. मग शिंपीणबाईंना विचारलं.”

“सगळ्या गावाला?”

“सगळ्या गावाला नाही,” शिंपी म्हणाला. “पलीकडच्या आळीतल्यांना सांगितलं नाही कोणी.”

आता प्रश्न निरीक्षकांपुढे होता. वजनात ढवळाढवळ हा गुन्हा, त्यात वाद नव्हता. त्यांनी फॉर्म काढला. ‘ग्राहकाचे झालेले नुकसान’ या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी फॉर्म उलटून मागे बघितलं. दुकानदाराच्या नुकसानाला रकाना नव्हता.

“तक्रार कोणाची?” ते स्वतःशीच म्हणाले. मग भाऊंना म्हणाले, “फसवणूक झाली आहे ती तुमची. तुम्हाला अर्ज करायचा असेल तर करता येईल. बाईंच्या विरुद्ध.”

भाऊ आजही सांगतात की त्या क्षणी त्यांनी दोन सेकंद विचार केला होता. दोन सेकंद म्हणजे दोनच. पण वहिनींना ते दिसले.

“नाही,” भाऊ म्हणाले.

निरीक्षकांनी ‘निरंक’ लिहिलं, लोखंडी वजन जप्त केलं, ताकीद दिली. जाता जाता संग्रहाचंही त्यांनीच सुचवलं. प्रत्येक तराजूची दांडी तारेने बांधायची, तारेला शिशाचं सील ठोकायचं, म्हणजे तोलायची सोयच राहत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने तो तराजू उरत नाही. “मग तो काय असतो?” हेडसरांनी विचारलं. “लोखंड,” निरीक्षक म्हणाले. शिंप्याने सांडशी आणली, भाऊंनी तार धरली, आणि दुपार उतरेपर्यंत ते चौघे एक्केचाळीस तराजू बांधत बसले. निरीक्षकांनी शेवटी बाही वर करून उंच यंत्राच्या मागे हात घातला, सील ठोकलं, आणि हात बाहेर काढताना आत अडकलेलं एक कार्ड त्यांच्या बोटांना चिकटून आलं. ते त्यांनी वाचलं आणि खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात शिक्क्याचं नवीन किलो आलं. बाराशे ग्रॅमला किलो म्हणणारे आणि आठशेला किलो म्हणणारे दुकानदार जगात असतील. भाऊंचा किलो आता हजार ग्रॅमचा होता, एक दाणा इकडे नाही, एक तिकडे नाही. आणि भाऊ गप्प झाले. लोक आपल्या बोलण्यामुळे नाही, तीस ग्रॅममुळे येत होते, हे एकदा समजल्यावर बोलायचं कशाला? गिऱ्हाईक आलं की विचारायचे, “काय हवं?” तोलायचे, पुडा बांधायचे, द्यायचे. वेळ चांगलाच वाचायला लागला. त्या वाचलेल्या वेळात ते गल्ल्याजवळ बसून लोक कमी होतात का ते बघायचे.

पहिल्या दिवशी फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊण गर्दी. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “जेवताना तरी बोला.” भाऊ म्हणाले, “मीठ दे.”

चौथ्या दिवशी सकाळी नर्सबाई आली. “एक किलो साखर.” भाऊंनी तोलली. काटा मध्ये आला, त्यांनी साखर कागदात ओतून पुडा बांधायला घेतला. नर्सबाई हलेना.

“कमी आहे का?” भाऊंनी विचारलं. आवाज थोडा चिडका निघाला.

“नाही. बरोबर आहे. मी बाजारात गेले होते परवा. तिथेही हजारच देतात.” ती कपाटाला टेकून उभी राहिली. “पण तिथे पुडा हातात देतात आणि पुढच्याला हाक मारतात. तुमच्याकडची ती गोष्ट अर्धवट राहिली होती. त्या न्हाव्याची. वजन करायला यंत्रावर उभा राहिला आणि खाली उतरायला तयार नव्हता तो.”

भाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी बटणं निवडत होत्या. पांढरी एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला. मान वर केली नाही.

“तो ना,” भाऊ म्हणाले. “तो उतरत नव्हता कारण त्याला वाटलं, आपण उतरलो की आकडा पुसला जाईल, आणि घरी बायकोला काय दाखवणार? मग मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी साक्षीदार म्हणून येतो तुझ्या घरी. तर म्हणाला, तुम्ही आलात तर दुकान कोण बघेल? म्हणजे तिथे उभा राहून त्याला माझ्या दुकानाची काळजी...”

बोलता बोलता त्यांनी पुडा परत पारड्यात ओतला होता, कारण गोष्ट लांबणार हे हाताला आधी समजलं, आणि पोत्यातलं माप भरून वर साखर सोडत राहिले. न्हावी यंत्रावरून उतरला तेव्हा पारडं पुरतं खाली टेकलं होतं. भाऊंचं लक्ष तिकडे गेलं. मापाचा चमचा त्यांनी उचलला, साखरेपर्यंत नेला.

मग नर्सबाईकडे बघितलं, आणि चमचा परत पोत्यात खोचून ठेवला.

“पिशवी आणली आहे का?” त्यांनी विचारलं. “कागदात मावायची नाही.”